बाद

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
तिकिटांचे कागद तपासले.
भिंग, दिव्याचा पांढरा गोल, कानावर तांबडी पेन्सिल.
रंग रेघेबाहेर सांडला : बाद.
दाते एका ओळीत नाहीत : बाद.
शेजारच्या टेबलावर रूथ साळवे.
हात माझ्याहून हलका,
डोळा माझ्याहून कडक.

आता सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर,
चार बाय सातची गॅलरी
आणि तिच्यात एकोणीस कुंड्या, सगळ्या आठ इंची.
मिनिएचर गुलाब.
झाड वीतभर, फूल रुपयाएवढं,
पाकळ्या मात्र पुऱ्या,
कुठेही काटकसर नाही.

जाऊबाई निफाडच्या. त्यांची सहा एकर थॉमसन.
पहिल्यांदा आल्या तेव्हा हसल्याच,
"हे काय गं, बाहुलीच्या लग्नातले हार?"
मग एक पान उलटं करून बघितलं
आणि आवाज बदलला.
"भुरी आलीय तुझ्याकडे."
तेव्हापासून आम्ही दोघी बागाईतदार.
ऑक्टोबरात तिकडे छाटणी लागली
की इकडे मीही बसते पाटावर
ब्लाउजचे धागे कापायची कात्री घेऊन.
बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या जरा वर
तिरका काप.
त्यांना चाळीस मजूर लागतात. मला चष्मा.

आणि भिंग. निरोपाच्या दिवशी रूथनं दिलेलं.
पानाच्या पाठीवरचा लाल कोळी धरायला
त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

वासाचं मात्र खरं सांगते.
नर्सरीवाला आईची शपथ घेऊन विकतो
आणि घरी आणलं की झाड मुकं निघतं.
एकोणिसातली सोळा मुकी.
दोन बोलतात, पण थंडीतच, सकाळी सातला,
दूधवाल्याची मोटारसायकल यायच्या आधी.
तेही पाव मिनिट.

उरलं एक.
गेल्या माघात त्याच्या एका फांदीवर फूल आलं
अर्धं गुलाबी, अर्धं पांढरं,
मधली रेघ कुणी घाईत ओढल्यासारखी वाकडी.
माझा हात आपोआप कानाकडे गेला.
पेन्सिल नव्हती.
वाकले, तर वास.
गुलकंदाचा नाही, अत्तराचा नाही.
चिरलेल्या पेरूचा, आणि त्याच्या मागे
कोरड्या चहापत्तीचा.
म्हणजे मी इतकी वर्षं
असो.

या गावाचं एक जुनं नाव गुलशनाबाद.
लोकांना त्यात गुलशन दिसतं.
मला सवयीनं
शेवटची दोन अक्षरं.

त्याच फांदीच्या तीन काड्या केल्या, आगकाडीपेक्षा जरा लांब,
ओल्या वाळूत खोचल्या, वर काचेचे ग्लास पालथे.
दोन कुजल्या. एक धरली.
रूथ आता रेवदंड्याला असते, मुलीकडे.
दुधाच्या पिशवीत मुळं गुंडाळून तिला पाठवली.
फोनवर बजावलं, खारा वारा लागू देऊ नकोस,
भिंतीआड ठेव,
संध्याकाळी पानं गोड्या पाण्यानं धू,
मीठ बसलं की कडा जळतात.
ती म्हणाली, "माझ्याही."

श्रावणात तिचा फोन.
"आलं गं फूल. पण अख्खं गुलाबी.
तुझी पांढरी बाजू कुठे उतरलीच नाही.
भिंगाखाली धरलं मी. एकदम पास."
तिच्या मागे समुद्र
काहीतरी जड ओढत होता, सोडत होता.
"वास?" मी विचारलं.
"थांब," म्हणाली, "खाली बसावं लागेल.
गुडघे."

मी थांबले.
कुकरची तिसरी शिट्टी झाली,
मग चौथी.